बारा किलोचं मूल, तीन तासांची भूल: सलाईनचा अंदाज कसा बांधायचा?

एका कनिष्ठ भूलतज्ज्ञांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच वर्षांचं मूल, वजन १२ किलो, डाव्या मूत्रपिंडाची पायलोप्लास्टी (मूत्रपिंडातून लघवी बाहेर पडण्याची अरुंद वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया), अंदाजे ३ तास. मूल ८ तास उपाशी. पुस्तकातल्या पद्धतीने हिशेब केला की ३ तासांत ७०० मिली सलाईन द्यावं लागतं. वरिष्ठ मात्र ३५०च्या आसपास थांबायला सांगतात. बरोबर कोण? आणि मेंटेनन्सला, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या पाण्याच्या गरजेला, आयसोलाइट पी (कमी सोडियमचं, साखर घातलेलं सलाईन) लावायचं की आरएल (रिंगर लॅक्टेट)?

माझं मत वरिष्ठांच्या बाजूने आहे. पण त्यांचा आकडा पाठ करून उपयोग नाही. पुढचं मूल आतड्याला पीळ पडलेलं असेल, तेव्हा हेच ३५० मिली धोक्याचे ठरतील. तुमचा खरा प्रश्न 'किती मिली' हा नाही. भूल देण्याआधी काय ठरवायचं आणि काय टेबलावर बघून ठरवायचं, हा आहे.

आधी तुमचा हिशेब उलगडू. ४-२-१ नियमाने (तासाला पहिल्या १० किलोंना किलोमागे ४, पुढच्या १० किलोंना २, त्यापुढे १ मिली) पहिल्या १० किलोंचे ४० आणि वरच्या २ किलोंचे ४, म्हणजे तासाला ४४ मिली मेंटेनन्स. ८ तासांच्या उपासाची तूट ३५२ मिली. त्यातली निम्मी पहिल्या तासात, उरलेली पाव-पाव पुढच्या दोन तासांत. त्यावर 'थर्ड स्पेस'चे (रक्तवाहिन्यांबाहेर ऊतींत अडकतो असा मानलेला द्रव) किलोमागे ६ मिली, म्हणजे तासाला ७२. पहिल्या तासाला २९२, दुसऱ्याला २०४, तिसऱ्याला २०४. बेरीज बरोबर ७००. आता एकच गोष्ट बघा: या मुलाच्या अंगात एकूण रक्त किलोमागे ७५ मिलीच्या हिशेबाने ९०० मिली आहे. ३०-४० मिली रक्त जाणाऱ्या शस्त्रक्रियेत आपण एकूण रक्ताच्या पाऊणपटीहून जास्त द्रव ओतायला निघालो आहोत. गणितात चूक नाही. ज्या तीन गृहीतकांवर ते उभं आहे, ती मात्र टेबलावरच्या या मुलाला लागू पडत नाहीत.

पहिलं गृहीतक मेंटेनन्सचं. हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ मध्ये हा नियम मांडला तो वॉर्डात पडून असलेल्या, तोंडाने काही न घेणाऱ्या मुलांसाठी. त्यांनी मुलाची उष्मांकांची गरज काढली आणि १०० कॅलरींना साधारण १०० मिली पाणी असं प्रमाण धरलं. दिवसाला पहिल्या १० किलोंना किलोमागे १००, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २० मिली. त्याचंच तासावर आणलेलं रूप म्हणजे ४-२-१. यात मूत्रपिंड जास्तीचं पाणी सहज बाहेर टाकेल हे गृहीत आहे. शस्त्रक्रियेत तसं होत नाही. वेदना, मळमळ, ओपिऑइड औषधं, चीर यांमुळे एडीएच (लघवी रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात भुलेखाली चयापचय मंदावतो, आणि सर्किटमध्ये एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओलावा राखणारा) असला की श्वासावाटे जाणारं पाणीही वाचतं. म्हणजे गरज घटते आणि निचराही घटतो.

दुसरं गृहीतक उपासाच्या तुटीचं. निम्मी-पाव-पाव ही मांडणी १९७५ची. बेरी यांनी १९८६ मध्ये ती सोपी करून पहिल्या तासात ३ वर्षांपर्यंतच्या मुलांना किलोमागे २५ मिली आणि ४ वर्षांवरच्यांना १५ मिली असं सांगितलं. त्या काळी मुलं खरोखरच रात्रभर कोरडी ठेवली जात. शिवाय उपाशी निरोगी मूल आपली लघवी घट्ट करतं. ८ तासांत ते ३५२ मिलींनी सुकत नाही आणि त्याच्या रक्तवाहिन्या तर मुळीच रित्या होत नाहीत.

तिसरं, थर्ड स्पेस. १९६०च्या दशकातल्या मोजमापांवर ही कल्पना उभी राहिली आणि नंतरच्या काटेकोर मोजमापांत टिकली नाही. ऊतींना सूज येते हे खरं, पण त्यातली बरीचशी सूज आपण ओतलेल्या द्रवाचीच असते. कमरेतून केलेल्या पायलोप्लास्टीत पोटाची पोकळी उघडतही नाही, तेव्हा इथे ६ मिली धरायला आधारच नाही. आतड्याचं छिद्र, पोटभर पू, गॅस्ट्रोस्किसिस (जन्मतः आतडी पोटाबाहेर आलेली) अशा ठिकाणी मात्र द्रव खरोखर बाहेर पडतो. तिथे नाव काहीही द्या, भरपाई करावीच लागते.

उपासाबद्दल आणखी थोडं, कारण सलाईनचा सगळ्यात स्वस्त आणि अचूक अंदाज टेबलावर चढण्याआधीच लागतो. घन आहार ६ तास, आईचं दूध ४ तास, नितळ द्रव २ तास हा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. २०१८ पासून युरोपातल्या बालभूल संघटनांनी नितळ द्रव १ तास आधीपर्यंत चालतील असं मान्य केलं आहे. सोबत किलोमागे ३ मिलीच्या आसपास ही मर्यादा. आपल्या मुलाला ३६ मिली साखरपाणी. नितळ म्हणजे पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस. ताक, पेज, दुधाचा चहा नव्हे. हे नातेवाइकांना अगदी शब्दांत सांगावं लागतं, कारण 'पातळ' म्हटलं की घरी पेजच केली जाते. तुमच्या खात्यात अजून २ तासांचा नियम असेल तर तोच पाळा, पण तो खरोखर पाळा. वॉर्डात 'रात्री १२ नंतर काही नाही' असं लिहिलेलं असतं आणि यादीत तिसरं असलेलं मूल दुपारी २ वाजता येतं, तेव्हा ती तूट शस्त्रक्रियेची नसते, फोन न केल्याची असते. यादी लांबली की थिएटरमधून वॉर्डात निरोप गेला पाहिजे: अमुक मुलाला आत्ता पाणी पाजा.

आता द्रव कोणता, कारण प्रमाणापेक्षाही इथली चूक महागात पडते. थिएटरमध्ये आयसोलाइट पी नको. त्यात सोडियम लिटरला २५ मिलीमोलच्या आसपास, पोटॅशियम २० आणि डेक्स्ट्रोज ५ टक्के असतं. बाटलीत ते पुरेसं घट्ट दिसतं, पण डेक्स्ट्रोज पेशींनी वापरलं की उरतं ते बहुतांश पाणी. सोडियम आणि पोटॅशियम मिळून ४५, समतोल, म्हणजे रक्ताइतक्या घट्ट सलाईनमध्ये ते १५४. म्हणजे दर १०० मिलीतले साधारण ७० मिली निव्वळ पाणी. तुमचे ७०० मिली जर आयसोलाइट पीचे असते तर ४९० मिली मोकळं पाणी गेलं असतं. या मुलाच्या अंगातलं एकूण पाणी ७.४ लिटर धरा. एडीएचमुळे लघवी होत नाही असं समजलं, तर सोडियम १४० वरून १३१ वर येतं, आणि मूल अजून वॉर्डात पोचलेलंही नाही. तिथे रात्रभर तेच लावलं तर पुढचं सांगायला नको.

ही भीती कागदी नाही. १९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६ निरोगी मुलांची हकिगत छापून आली. रक्तातलं सोडियम उतरून त्यांच्या मेंदूला सूज आली होती, बहुतेकांवर टॉन्सिलसारखी साधी शस्त्रक्रिया झालेली, आणि जवळजवळ सगळी दगावली किंवा कायमची अधू झाली. ब्रिटनने २००७ मध्ये ०.१८ टक्के सलाईन सर्वसाधारण बालवॉर्डांतून काढायला लावलं. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१८ मध्ये २८ दिवसांवरच्या मुलांना मेंटेनन्ससाठीही समतोल सोडियमचंच द्रव द्या असं स्पष्ट केलं. खुद्द हॉलिडे यांनीही उतारवयात शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी समतोल सलाईनची शिफारस केली होती.

म्हणून आरएल, किंवा परवडत असेल तर प्लाझ्मालाइटसारखं संतुलित, म्हणजे क्षारांचं मिश्रण रक्ताजवळचं असलेलं द्रव. आरएलमध्ये सोडियम १३० च्या आसपास आहे, म्हणजे तेही किंचित पातळच. ३ तासांच्या शस्त्रक्रियेत फरक पडत नाही, मेंदूला सूज असेल तर पडतो. तिथे नॉर्मल सलाईन किंवा प्लाझ्मालाइट बरं. एरवी नॉर्मल सलाईन भरपूर दिलं की क्लोराइड वाढून आम्लता येते. मग रक्तवायूंच्या तपासणीत बेस डेफिसिट (आम्लतेचं माप) दिसतो, रक्तपुरवठा कमी पडतोय असं वाटून आणखी सलाईन दिलं जातं आणि आम्लता अजून वाढते. असा बेस डेफिसिट दिसला की क्लोराइड आणि लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा पदार्थ) दोन्ही बघा. लॅक्टेट नॉर्मल आणि क्लोराइड ११५ असेल तर औषध म्हणजे सलाईन बदलणं.

साखरेचं काय? ५ टक्के डेक्स्ट्रोज असलेलं द्रव किलोमागे तासाला १० मिलीने चालवलं तर मिनिटाला किलोमागे ८.३ मिलिग्रॅम साखर जाते. एवढी साखर नवजात बाळालाही सहसा लागत नाही. भुलेखालच्या मुलात साखर ३०० वर जाईल, लघवीवाटे पाणी वाहील आणि ती भरपूर लघवी बघून आपण समाधानी राहू. उलट काहीच साखर दिली नाही तर बहुतेक निरोगी मुलांना अडचण येत नाही, पण नवजात, वयाच्या मानाने हलकी, फार वेळ उपाशी राहिलेली, यकृताचे किंवा चयापचयाचे आजार असलेली, बीटा-ब्लॉकरवर असलेली मुलं यात अडकतात. मधला मार्ग १ ते २.५ टक्के डेक्स्ट्रोजचा. २०११ च्या युरोपीय सहमतीपत्रातही तोच आहे. आपल्याकडे असं तयार द्रव सहसा मिळत नाही, म्हणून बनवावं लागतं. १०० मिलीच्या ब्युरेटमध्ये (सलाईन मोजून भरायची नळी) ९६ मिली आरएल आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजचे ४ मिली घातले की १ टक्का होतो. २ टक्क्यांसाठी ९२ आणि ८. त्यापुढे गेलात तर आरएल पातळ होऊन सोडियम आणखी उतरतं, म्हणून २ वर थांबावं. डेक्स्ट्रोज जड असतं, ते तळाशी बसतं. ब्युरेट नीट हलवलं नाही तर पहिल्या काही मिलींत सगळी साखर जाते. आणि ब्युरेटवर पट्टी चिकटवून टक्केवारी लिहा, नाहीतर दुपारी बदली आलेले सहकारी त्यातूनच बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेला द्रव) देतील. बोलस नेहमी साखर नसलेल्या द्रवाचाच. तुमच्या मुलाला मी १ टक्का लावेन, कॅन्युला घालतानाच ग्लुकोमीटरवर एक थेंब तपासेन आणि मग दर तासाला.

आता सुरुवातीचा वेग. किलोमागे तासाला १० मिली, म्हणजे १२० मिली, इथून मी सुरू करतो. जर्मन मार्गदर्शक सूचनांतही सुरुवातीचा वेग हाच आहे. यात मेंटेनन्स, उपासाची उरलीसुरली तूट आणि लहानसहान गळती सगळं धरलेलं आहे. त्यावर वेगळं थर्ड स्पेस जोडायचं नाही. मूल वेळेवर पाणी पिऊन आलेलं असेल तर दुसऱ्या तासापासून ६-७ मिलीवर उतरता येतं. १२० हा अंदाज आहे, औषधाचा डोस नव्हे. तासाभराने तो बदलला नाही तर आपण बघत नव्हतो असा त्याचा अर्थ.

या १२० मध्ये काय काय मोजायचं, इथे बहुतेकांचं चुकतं. शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल १ मिलीत १० मिलिग्रॅम असतं. किलोमागे १५ मिलिग्रॅमने या मुलाला १८ मिली द्रव नुसत्या पॅरासिटामॉलमधून जातं. अँटिबायोटिक १० मिलीत विरघळवलेलं. प्रत्येक औषधामागे २ मिलीचा फ्लश (नळीतलं औषध पुढे ढकलणारं सलाईन), अशी ८ औषधं म्हणजे १६ मिली. झाले ४४. म्हणजे मेंटेनन्सचा एक तास आपण सलाईनचं चाक न फिरवता देऊन टाकला. ३ किलोच्या बाळात ही बेफिकिरी थेट फुप्फुसांत दिसते. मी फ्लशसाठी वेगळ्या सिरिंजा भरून ठेवतो आणि केस संपल्यावर रिकाम्या सिरिंजा मोजतो; आठवणीवर विसंबत नाही.

साधनांबद्दल दोन शब्द. लहान मुलाला ५०० मिलीची बाटली साध्या सेटवर थेट टांगू नये. चाक निसटलं तर काही मिनिटांत १०० मिली जातं आणि ड्रेपखाली कुणाला कळत नाही. ब्युरेटमध्ये एका वेळी एका तासापुरतंच भरावं, म्हणजे विसरलं तरी नुकसान तेवढंच. मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे मिनिटाचे थेंब तेवढेच तासाचे मिली. पण मिनिटाला १२० थेंब कुणी मोजत नाही, तिथे पंप हवाच. सिरिंज पंप मुलाच्या पातळीवर ठेवा. उंचावर ठेवलेल्या पंपात सिरिंजची दांडी नीट अडकवलेली नसेल तर द्रव आपोआप खाली ओढला जातो.

शस्त्रक्रिया सुरू झाली, बीपी उतरलं. लगेच बोलस? थांबा. लहान मुलात बीपी उतरण्याचं पहिलं कारण बहुधा भुलेचा वायू असतो. चिरेच्या आधी सेव्होफ्लुरेनने मीन बीपी (सरासरी रक्तदाब) खाली येतं, पण नाडी स्थिर असते, हातपाय गरम असतात, कॅप्नोग्राफचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आकडा जागेवर असतो. तिथे वायू कमी करा. कॉडल ब्लॉकला (माकडहाडाजवळून दिलेली कमरेखालची भूल) दोष देऊ नका: साधारण ६-७ वर्षांखालच्या मुलांत कॉडल किंवा स्पायनलने बीपी सहसा उतरत नाही, म्हणून मोठ्यांसारखं त्याआधी सलाईन भरून घ्यायची गरजही नसते. कॉडलनंतर अडीच वर्षांच्या मुलाचं बीपी खरोखर कोसळलं तर दुसरं कारण शोधा. भुलेचं औषध शिरेत गेलं का, हे आधी.

पायलोप्लास्टीत आणखी एक खास कारण असतं. मुलाला कुशीवर वळवून कमरेखाली गुंडाळी ठेवतात. डावं मूत्रपिंड म्हणजे मूल उजव्या कुशीवर, आणि त्या स्थितीत गुंडाळी जास्त उंच झाली की खालची मोठी शीर दबते, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. बीपी नेमकं गुंडाळी ठेवल्यावर उतरलं असेल तर सर्जनना ती थोडी कमी करायला सांगा. त्या वेळी दिलेला बोलस तात्पुरता आकडा सुधारतो आणि गुंडाळी काढल्यावर जास्तीचा ठरतो. दुर्बिणीने शस्त्रक्रिया असेल तर पोटातल्या वायूच्या दाबाचंही तेच.

ही कारणं बाजूला झाली, नाडी मात्र चढतेच आहे, मीन बीपी ४५ च्या खाली रेंगाळतंय, कपाळावर किंवा छातीवर बोटाने दाबलेली जागा भरायला ३ सेकंदांहून जास्त लागताहेत, मग बोलस. किलोमागे १० मिली, १२० मिली आरएल, ५ ते १० मिनिटांत. २० किंवा ५० मिलीच्या सिरिंजने थ्री-वेमधून हाताने द्यावा: एक तर वेळ पाळता येतो, दुसरं म्हणजे हाताला विरोध जाणवतो. कॅन्युला शिरेबाहेर गेली असेल तर ते तिथेच कळतं. बोलसला काहीच प्रतिसाद नाही आणि हात सुजलेला, हे दृश्य ड्रेप काढल्यावर दिसण्यापेक्षा कॅन्युला वरच्या, डोळ्यांसमोरच्या हाताला असू द्या आणि बीपीचा कफ दुसऱ्या हाताला.

बोलस संपल्यावर ५ मिनिटांत नाडी १०-१५ ने उतरली आणि बीपी वर आलं तर अंदाज बरोबर होता. फरक नसेल तर दुसरा बोलस आपोआप देऊ नका. पुन्हा कारण शोधा. इथे एक भेद ध्यानात ठेवा. बोलसने हृदयाचा झोत (दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त) वाढतो याचा अर्थ मुलाला द्रवाची गरज होतीच असा होत नाही. निरोगी, नीट पाणी प्यायलेल्या मुलालाही बोलस दिला की झोत वाढू शकतो. झोत वाढेल का हा एक प्रश्न, वाढायला हवा का हा दुसरा. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच द्रव.

झोत वाढेल का, याचं भाकीत करणारी साधनं मोठ्यांकडून मुलांकडे आणली गेली आणि बरीचशी मुलांत लंगडी पडली. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) तर बादच. पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक नाडीच्या दाबातला चढउतार) मोठ्यांत चांगलं चालतं. मुलांत छातीचा पिंजरा मऊ, धमन्या लवचीक, त्यामुळे श्वासाबरोबरचा चढउतार धमनीच्या दाबात उमटतच नाही. बोटावरच्या प्रोबमधून निघणारा पीव्हीआय थंड हातापायांत फसवतो. मुलांत सगळ्यात भरवशाचं निघालं ते महाधमनीतल्या प्रवाहाच्या वेगातलं श्वासागणिक अंतर, डेल्टा व्ही-पीक. एका श्वासचक्रातला सगळ्यात मोठा वेग वजा सगळ्यात छोटा, भागिले दोघांची सरासरी, गुणिले १००. साधारण १२ टक्क्यांच्या वर असेल तर बोलसने झोत वाढण्याची शक्यता चांगली. अटी: मूल व्हेंटिलेटरवर, किलोमागे ८ मिली किंवा जास्त श्वास, नाडी नियमित, छाती बंद. स्वतः श्वास घेणाऱ्या किंवा एलएमएवरच्या (घशात बसवलेल्या मास्कवरच्या) मुलात हा आकडा काढू नका. कुशीवरच्या मुलात छातीच्या टोकाकडून चित्र मिळणं अवघड जातं. उरोस्थीच्या वरच्या खाचेतून प्रोब लावला तर मिळतं. प्रत्येक केसमध्ये याची गरज नाही. ज्या मुलाला दोन बोलस होऊन तिसऱ्याचा विचार आहे, तिथे मात्र यंत्र ओढून आणावं.

लघवीचं काय, असा प्रश्न येईलच. पायलोप्लास्टीत लघवीचा हिशेब फसवा असतो, कारण एका मूत्रपिंडाची लघवी शस्त्रक्रियेच्या जागेत सांडते, सक्शनमध्ये जाते, गॉजमध्ये शोषली जाते. एरवीसुद्धा एडीएचमुळे किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी भुलेखाली चालते. फक्त लघवी कमी म्हणून बोलस देऊ नये.

रक्त जातं त्याचा हिशेब वेगळा ठेवा. पूर्ण भिजलेला १० सेंटीमीटरचा गॉज म्हणजे सुमारे १० मिली. शंका असेल तर वजन करा, १ ग्रॅमला १ मिली. सक्शनच्या बाटलीतून धुण्याचं सलाईन वजा करा; सिस्टरना सुरुवातीलाच सांगितलं तर त्या धुण्याचं पाणी मोजून देतात. किती रक्त जाऊ देता येईल ते आधीच काढून फळ्यावर लिहावं: एकूण रक्त ९००, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींची टक्केवारी) ३३, खालची मर्यादा २४, तर ९०० गुणिले ९ भागिले ३३, म्हणजे साधारण २४५ मिली. गेलेल्या रक्ताच्या बदल्यात आरएल तिप्पट द्यायची जुनी पद्धत. मी दीड ते दुप्पट देतो आणि बघतो. हायड्रॉक्सिइथाइल स्टार्चपासून दूर राहा; युरोपात २०२२ मध्ये त्याचे विक्रीपरवाने स्थगित झाले ते उगीच नव्हे.

तर तुमच्या मुलाचा हिशेब असा पडेल. पहिल्या तासाला औषधं-फ्लशसकट १२०, दुसऱ्याला ८५, तिसऱ्याला ८०, आणि ४० मिली रक्ताच्या बदल्यात ७०. सुमारे ३५५ मिली, किलोमागे ३०. शिवाय एक १२० मिलीचा बोलस सिरिंजमध्ये तयार, लागला तरच. वरिष्ठांचा आकडा इथून येतो.

हे कुठे लागू नाही ते सांगितलंच पाहिजे. नवजात बाळाचं गणित निराळं: साखर मिनिटाला किलोमागे ४ ते ६ मिलिग्रॅम चालू ठेवावी लागते आणि बोलस साखरेशिवाय वेगळ्या लाईनने. आतडं अडकलेलं, उलट्या होणारं मूल खरोखर सुकलेलं असतं. वजनात १ टक्का घट म्हणजे किलोमागे १० मिली, ५ टक्के असेल तर आपल्या मुलाला ६०० मिलींची तूट, आणि ती शक्यतो भुलेआधी भरायची. पायलोरिक स्टेनोसिसमध्ये (जठरातून आतड्यात जाणारी वाट अरुंद होणं) तर घाई करूच नये. क्लोराइड १०० च्या वर आणि बायकार्बोनेट २८ च्या खाली आल्याशिवाय मूल टेबलावर घेऊ नका. मूत्रपिंड निकामी, हृदयाचा जन्मजात दोष, भाजलेलं मूल, यांना १० मिलीचा नियम डोळे झाकून लावू नका.

जास्त झालं हे ओळखण्याच्या खुणा उशिरा येतात: पापण्यांना आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला सूज, श्वासनलिकेतला दाब वाढणं, तेवढ्याच ऑक्सिजनवर सॅच्युरेशन दोन-तीनने उतरणं, बरगडीखाली यकृत हाताला लागणं. कुशीवरच्या मुलात खालचा गाल सुजतो, तो यात धरू नका.

शेवटी वॉर्डची ऑर्डर, कारण मेंदूला इजा होते ती बहुधा तिथे. 'सलाईन चालू ठेवा' असं लिहू नका. द्रवाचं नाव, तासाला किती मिली, किती वाजता थांबवायचं, हे तिन्ही लिहा. या मुलाला डीएनएस (५ टक्के डेक्स्ट्रोज घातलेलं नॉर्मल सलाईन) तासाला ३० मिली, म्हणजे मेंटेनन्सचा दोन-तृतीयांश. पोटॅशियम लघवी नीट सुरू झाल्यावरच, लिटरला २० मिलीमोल. मूल पाणी मागायला लागलं की पाजा, पिऊन टिकलं की सलाईन बंद. घरी सोडण्याआधी जबरदस्तीने पाजायची मात्र गरज नाही, त्याने उलट्याच वाढतात. सलाईन २४ तासांपुढे गेलं तर सोडियम तपासायचंच. डोकं दुखतंय, सारख्या उलट्या, मूल गुंगीत, अशी तक्रार आली की ऑनडॅनसेट्रॉन लिहिण्याआधी सोडियम बघा. झटका आला आणि सोडियम खाली असेल तर ३ टक्के सलाईन किलोमागे २ मिली, म्हणजे २४ मिली, १०-१५ मिनिटांत. हाताच्या चांगल्या शिरेतूनही चालतं, सेंट्रल लाईनची वाट बघू नका.